विमानाचं इंजिन आणि जुनी स्पोर्ट्स कार: भाग तेच, नोकरी वेगळी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही साठच्या दशकातली एक स्पोर्ट्स कार घेतली आहे. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की हिचं इंजिन म्हणजे विमानाचंच इंजिन. तुमचा एक मित्र लहान विमानांची पिस्टन इंजिनं दुरुस्त करतो. तो म्हणतो, दोन्ही एकच, मी खोलून देतो, आणि पुढे ऑईल-पेट्रोलही विमानाचंच वापरू. यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, हे तुम्हाला हवं आहे.

गेली तीसेक वर्षं माझ्या बेंचवर दोन्ही प्रकारची इंजिनं येतात. त्यांच्यात साम्य आहे आणि ते भरपूर आहे. पण एखादा भाग दोन्हीकडे हुबेहूब सारखा दिसत असला तरी त्याला दोन ठिकाणी दोन वेगळ्या नोकऱ्या कराव्या लागतात. मित्राचा हात कुठे कामाला येईल आणि कुठे त्याची सवयच घात करेल, हे त्या नोकरीवरून ठरतं. गाडी कोणती हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे काही ठिकाणी "गाडीवर अवलंबून आहे" एवढंच मला म्हणता येईल.

साम्य आलं कुठून, हे आधी पाहू. विमानाकडून गाडीकडे असा एकतर्फी प्रवाह कधीच नव्हता. १९१४ च्या ग्रां प्रीसाठी बनवलेल्या मर्सिडीजपैकी एक गाडी महायुद्ध सुरू झालं तेव्हा लंडनमध्ये होती. रोल्स-रॉइसने तिचं इंजिन बारकाईने अभ्यासलं आणि त्याची छाप त्यांच्या ईगल या विमान-इंजिनावर पडली. म्हणजे आधी शर्यतीची गाडी, मग विमान. उलट दिशेचं माझं आवडतं उदाहरण मार्क बिर्किग्टच्या १९१५ च्या हिस्पानो-सुइझा व्ही-८ चं. ॲल्युमिनियमचा ओतीव ब्लॉक, त्यात आट्यांनी बसवलेले पोलादी लायनर (ज्यांच्या आत पिस्टन सरकतो त्या नळ्या), वर व्हॉल्व्ह उघडणारी एक कॅमशाफ्ट, आणि तिला खालून बेव्हल गिअर व उभ्या शाफ्टने फिरवण्याची सोय. वूल्सलीने हे इंजिन परवान्यावर बनवलं. युद्धानंतर तो अनुभव त्यांच्या मोटारींच्या इंजिनांत उतरला आणि १९२८ च्या मॉरिस मायनरमार्गे एमजीच्या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांपर्यंत पोचला. त्या एमजीत कॅमशाफ्टकडे जाणारी ड्राइव्ह उभ्या डायनॅमोच्या आर्मेचरमधून जाते. हेडमधलं (सिलिंडरांवरच्या झाकणातलं) ऑईल झिरपून डायनॅमोत उतरतं आणि मालक बिचारा वायरिंग तपासत बसतो. असा डायनॅमो मी कितीदा धुतला असेल, त्याची मोजदाद नाही.

आट्यांच्या लायनरची कल्पना पुन्हा भेटते ती फेरारीत. ऑरेलिओ लाम्प्रेदी रेज्जाने या विमान कंपनीत काम करून आलेला होता. १९५० च्या सुमारास त्याने फेरारीसाठी जो मोठा व्ही-१२ केला, त्यात लायनर थेट हेडमध्ये आट्यांनी बसवले. जळणाऱ्या वायूचा दाब अडवायला हेड गॅस्केटच उरलं नाही, त्यामुळे ते उडण्याचा प्रश्नही मिटला. त्याच फेरारीच्या चिन्हातला उधळलेला घोडा फ्रान्चेस्को बाराक्का या वैमानिकाच्या विमानावरून आलेला आहे, आणि त्याच्या स्पॅड विमानात इंजिन होतं हिस्पानो-सुइझाचं. हे नुसते योगायोग आहेत, पण मला ते फार सुंदर वाटतात.

आता नोकरीकडे येतो, कारण सगळं उत्तर तिथे अडकलेलं आहे.

विमानाचं इंजिन तासन् तास जवळजवळ एकाच वेगावर, ६५ ते ७५ टक्के ताकदीवर चालतं. गाडीचं इंजिन बहुतेक वेळ अगदी थोड्या ताकदीवर, सतत वरखाली होत चालतं. मधूनच काही सेकंद पूर्ण जोर लागतो, पुन्हा थ्रॉटल बंद. तुमच्या मित्राच्या हाताखाली बहुधा लायकमिंग ओ-३६० सारखी इंजिनं असतील: ५.९ लिटर, चार सिलिंडर, मिनिटाला २,७०० फेऱ्यांवर १८० अश्वशक्ती. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास, साधारण १११ मिलिमीटर. पिस्टनचा सरासरी वेग काढला तर सेकंदाला १० मीटर येतो. आता जॅग्वारचं ३.४ लिटरचं एक्सके इंजिन घ्या. स्ट्रोक १०६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. पण ५,५०० फेऱ्यांवर पिस्टनचा वेग होतो १९ मीटरच्या वर. पिस्टनला टोकाशी थांबवून उलटं खेचणारा प्रवेग फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो इथे जवळजवळ चौपट झाला. पिस्टन लहान आणि हलका असतो हे खरं, तरी पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांकडे मित्राने ज्या नजरेने आजवर पाहिलं, ती इथे पुरणार नाही. जुन्या स्पोर्ट्स गाडीत मी रॉडचे बोल्ट प्रत्येक वेळी नवे घालतो, दिसायला कितीही चांगले असले तरी.

"एअरक्राफ्ट ग्रेड" बोल्ट घातले की झालं, हा समजही इथेच काढून टाका. विमानातल्या नेहमीच्या एएन (अमेरिकी लष्करी मानकाच्या) बोल्टची ताणशक्ती दर चौरस इंचाला १,२५,००० पौंडांपासून सुरू होते. गाड्यांच्या दुनियेतला ग्रेड ८ बोल्ट १,५०,००० चा असतो. एएन बोल्ट उत्तम असतो तो मापाच्या अचूकपणासाठी आणि कातरभार (आडवा कापू पाहणारा भार) घेणाऱ्या जोडांसाठी. रॉडचा बोल्ट हे वेगळंच काम आहे.

नोकरी न पाहता भाग उचलला तर काय होतं, याचा सर्वांत मोठा धडा बीआरएमच्या व्ही-१६ मध्ये आहे. १९५० च्या आसपासची ही दीड लिटरची शर्यतीची गाडी. तिला रोल्स-रॉइसने दोन टप्प्यांचा सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप, करून दिला, आणि त्या कामात तेव्हा त्यांचा हात धरणारं क्वचितच कोणी होतं. पण सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. निम्म्या वेगावर चतुर्थांशच दाब मिळतो. विमानाला ते चालतं, कारण पंखा (प्रॉपेलर) फिरवणारं इंजिन ठरलेल्या वेगावर स्थिर राहतं. गाडी मात्र वळणातून बाहेर पडताना कमी फेऱ्यांवर असते. चालकाने थ्रॉटल दिला की फेऱ्या चढतात, दाब उसळतो, चाकं जागच्या जागी फिरायला लागतात, त्याने फेऱ्या आणखी चढतात आणि दाब आणखी वाढतो. ती गाडी चालवणं किती अवघड होतं हे तिच्या चालकांनी पुढे वारंवार सांगितलं. भाग निर्दोष होता, पण ती नोकरी त्याची नव्हती.

आता तुमच्या इंजिनात प्रत्यक्ष काय सापडू शकतं ते सांगतो. सगळ्यात आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कारण इथे साम्य सर्वांत खोल आहे आणि धोकाही.

विसाच्या दशकात अमेरिकेत सॅम हेरन याने पोकळ दांड्याचे, आत सोडियम भरलेले व्हॉल्व्ह विकसित केले. पोकळी पूर्ण भरत नाहीत, साधारण अर्ध्याच्या आसपास भरतात. सोडियम ९८ अंश सेल्सियसला वितळतं. व्हॉल्व्ह वरखाली झाला की ते आत हिंदकळतं, लालबुंद डोक्यातली उष्णता घेऊन दांड्यात येतं, आणि तिथून ती गाइडमार्गे (दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून) हेडमध्ये निघून जाते. मर्सिडीज ३०० एसएल, पोर्श ९११, अल्फा रोमिओची डबल कॅमची इंजिनं, या सगळ्यांत असे व्हॉल्व्ह आहेत. लायकमिंगमध्येही आहेत, त्यामुळे मित्राची त्यांच्याशी ओळख असणार.

लोक विसरतात ते गाइडचं काम. साध्या भरीव व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधून, म्हणजे व्हॉल्व्ह मिटल्यावर जिथे टेकतो त्या कडेतून, जाते. सोडियमच्या व्हॉल्व्हमध्ये दांड्याकडे जास्त उष्णता येते आणि गाइडला ती पुढे पोचवावी लागते. गाइड सैल असेल तर मधल्या फटीत उष्णता अडते, ऑईल जळून कोळसा होतो आणि दांडा अडकू लागतो. लहान विमानं सांभाळणारे म्हणूनच हेड न काढता व्हॉल्व्ह गाइडमध्ये किती हलतो ते ठरावीक तासांनी मोजतात. ही सवय मित्राने तुमच्या गाडीवर जरूर आणावी. माझ्याकडे एकदा एक इंजिन आलं होतं. आधीच्या दुरुस्तीत व्हॉल्व्ह नवे घातले होते, पण झिजलेले गाइड तसेच ठेवले होते. एका लांबच्या प्रवासात एका व्हॉल्व्हचं डोकं तुटून पडलं. पिस्टन, हेड, लायनर, तीनही गेले. गाइड बदलणं हे त्या सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त काम होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि ही गोष्ट हात जोडून सांगतो. काढलेला सोडियमचा व्हॉल्व्ह कापू नका, दांडा ग्राइंडरवर घासू नका, त्याला वेल्ड करू नका, भंगारात टाकू नका. सोडियमला पाणी लागलं की हायड्रोजन सुटतो आणि पेट घेतो. आतलं सोडियम पन्नास वर्षांनीही तितकंच जिवंत असतं. घातक कचरा रीतसर स्वीकारणाऱ्यांकडे, आत सोडियम आहे असं लिहूनच ते द्यायचे.

दुसरी गोष्ट क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा. रोल्स-रॉइसच्या मर्लिनसारख्या विमान-इंजिनांचा क्रँक नायट्रायडिंग केलेला असतो, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कठीण केलेला असतो. बऱ्याच चांगल्या स्पोर्ट्स गाड्यांतही तसंच असतं. हा कठीण थर मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच जाड असतो. क्रँक पाव मिलिमीटर घासून अंडरसाइज बेअरिंग घातले, तर त्या थराचा सर्वांत कठीण भाग निघून गेलेला असतो. असा एक क्रँक माझ्याकडे आला होता, दुरुस्तीनंतर काही महिन्यांतच जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) चरे पडलेला. घासल्यावर पुन्हा नायट्रायडिंग करून सरळपणा तपासावा लागतो. तुमच्या क्रँकला ही प्रक्रिया आहे की नाही हे गाडीवर अवलंबून आहे. कठीणपणा मोजल्याशिवाय तो घासायला देऊ नका.

तिसरी गोष्ट दोन प्लगांची. विमानात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, आणि त्यांना ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो. एक बंद पडला तरी घरी पोचता यावं हे एक कारण, आणि मोठा बोअर (सिलिंडरचा व्यास) हे दुसरं. मर्लिनचा बोअर १३७ मिलिमीटर आहे. एका टोकाला पेटलेली ज्वाला दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वेळ जातो, आणि तेवढ्यात उरलेलं मिश्रण आपोआप फुटू शकतं. १९६५ च्या अल्फा रोमिओ जीटीएमध्ये बोअर लहान आहे, तरी दोन प्लग आहेत. तिथे कारण वेगळं: उंच डोक्याच्या पिस्टनमुळे ज्वालेची वाट अडते. बेंटलीच्या १९१९ च्या तीन लिटर गाडीतही दर सिलिंडरला दोन प्लग आणि चार व्हॉल्व्ह होते. डब्ल्यू. ओ. बेंटलीने त्याआधी युद्धात विमानांची रोटरी इंजिनं केली होती. तुमच्या गाडीत दोन प्लग असतील तर लक्षात ठेवा: जळणं लवकर संपतं, म्हणून टायमिंगचा ॲडव्हान्स कमी लागतो, म्हणजे ठिणगी तितकी आधी द्यावी लागत नाही. एक बाजू मुकाट बंद पडली तर इंजिन चालत राहतं, फक्त मंद आणि जास्त गरम. वैमानिक उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो बंद करून फेऱ्या किती पडतात ते पाहतो. तसंच इथेही करायचं, फक्त बंद करताना प्लगची वायर उपटू नका, प्रायमरी सर्किटवरून (कॉइलच्या कमी व्होल्टेजच्या बाजूवरून) बंद करा.

ऑईलच्या ड्राय संपबद्दल थोडक्यात. संपमध्ये (इंजिनाखालच्या भांड्यात) ऑईल न साठवता वेगळ्या टाकीत ठेवायचं, ही विमानांत रुळलेली पद्धत. १९५४ च्या जॅग्वार डी-टाइपमध्ये ती आली इंजिन खाली बसवता यावं आणि वळणात पंपाला ऑईल कमी पडू नये म्हणून. ३०० एसएल आणि ९११ मध्येही ती आहे. मित्राचं ओ-३६० मात्र साध्या संपचं असतं, त्यामुळे ड्राय संपचा सराव त्याला नसू शकतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकीतलं ऑईल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. तेव्हा टाकी रिकामी दिसली म्हणून वरून ऑईल भरू नका. जुन्या रेडियल विमान-इंजिनांत हेच ऑईल खालच्या सिलिंडरांत साचतं, म्हणून तिथे आधी पंखा हाताने फिरवून पाहतात. गाडीतही प्लग काढून क्रँक हाताने दोनतीनदा फिरवावा, आणि मगच स्टार्टरला हात लावावा.

इंधनाचं साम्य सर्वांत गाजलेलं आहे. मेसरश्मिट १०९ मधल्या डेमलर-बेंझच्या इंजिनात बॉशचं इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये होतं. त्यामुळे विमानाने नाक एकदम खाली घातलं तरी इंजिन अडखळत नसे. मर्लिनला कार्ब्युरेटर होता, आणि त्याच क्षणी आतल्या पेट्रोलची पातळी बिघडून इंजिन गुदमरत असे. १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत मापाचं भोक असलेला एक छोटा धातूचा तुकडा बसवून तो त्रास बराच आटोक्यात आणला. (त्या स्वतः ब्रुकलँड्सवर मोटरसायकलच्या शर्यती करत, आणि मला तरी त्यांच्या उपायात तो अनुभव दिसतो.) १९५४ च्या ३०० एसएलमध्ये बॉशचं थेट इंजेक्शन आलं, आणि सोबत एक खोड आली. स्विच बंद केल्यावर इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल मारत राहतो. ते न जळता सिलिंडरच्या भिंती धुतं आणि ऑईलमध्ये मिसळतं. विमान एकदा उतरलं की उतरलं, पण गाडी दिवसातून दहा वेळा थांबते. अशा गाडीचं ऑईल लवकर बदला आणि बदलताना त्याचा वास घ्या.

तुमच्या गाडीला एसयू कार्ब्युरेटर असेल तर एक गोंधळ टाळा. मर्लिनचे कार्ब्युरेटरही एसयूनेच बनवले होते, म्हणून विकणारे ते अभिमानाने सांगतात. पण गाडीतला एसयू, ज्यात पिस्टन हवेच्या ओढीने उचलला जातो आणि सुई पेट्रोल मोजते, तो वेगळ्या तत्त्वाचा आहे. मर्लिनची माहिती तिथे लागू पडत नाही.

आता ऑईल आणि पेट्रोल, म्हणजे तुमचा थेट प्रश्न. विमानाचं ऑईल गाडीत घालू नका. हवेवर थंड होणाऱ्या विमान-इंजिनांचं नेहमीचं ऑईल राख न सोडणारं असतं, कारण धातूयुक्त ॲडिटिव्हची राख तापलेल्या चेंबरमध्ये निखाऱ्यासारखी पेटती राहून मिश्रण वेळेआधी पेटवू शकते. त्या नोकरीत ते योग्यच आहे. तुमची गाडी मात्र छोट्या फेऱ्या मारते, पुरती तापतही नाही, आणि आत पाणी व आम्लं जमतात. ती निष्प्रभ करायला गाडीच्या ऑईलमधले तेच धातूयुक्त डिटर्जंट लागतात. शिवाय कॅम आणि टॅपेट यांच्या घासणीसाठी जुन्या इंजिनाला पुरेसं झिंक असलेलं ऑईल हवं. जाडीचंही तसंच. विमानाचं १०० नंबरचं ऑईल म्हणजे साधारण एसएई ५०, आणि ते तिथल्या मोठ्या फटींसाठी असतं. तुमच्या इंजिनाला किती जाड हवं ते त्याच्या मॅन्युअलवरून ठरवा.

विमानाच्या १०० एलएल पेट्रोलमध्ये लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. ते बाहेर काढणारं रसायन पुरेशा उष्णतेतच नीट काम करतं. रहदारीत हळू चालणाऱ्या गाडीत शिसं प्लगवर बसतं. बऱ्याच देशांत रस्त्यावर ते वापरायला कायद्याने बंदी आहे, आणि शिसं श्वासात जाणं प्रकृतीला घातक आहे. त्यात इथेनॉल नसतं, त्यामुळे साठवणीत ते टिकतं, हा फायदा मी मान्य करतो. पण हेड खोलणारच आहात तर कठीण व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या आणि इंधनाच्या नळ्या व डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे घाला. प्रश्न कायमचा मिटेल.

मित्राकडून घ्यायच्या सवयी बऱ्याच आहेत: प्रत्येक माप लिहून ठेवणं, पोलादी भागांची चुंबकीय आणि ॲल्युमिनियमची रंगद्रव्याने भेगांची तपासणी, ऑईल फिल्टर कापून आतल्या घड्या पाहणं, पहिल्या स्टार्टआधी बाहेरून दाबाने ऑईल फिरवणं. आणि इंजिन खोलण्याआधी त्याची लीक टेस्ट. प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंडांच्या दाबाने हवा सोडायची, किती टिकते ते वाचायचं, आणि हवा कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, ऑईल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. इंजिन गरम असताना करा आणि गाडी गिअरमध्ये घालून हँडब्रेक ओढा, नाहीतर हवेच्या दाबाने क्रँक फिरेल.

ते आकडे, गाडीचं मॉडेल आणि साल इथे लिहा. क्रँककेस ॲल्युमिनियमची आहे की मॅग्नेशियमची, हेही लिहा. मॅग्नेशियमच्या केसमध्ये हेडच्या स्टडचे आटे सुटतात, आणि तसं असेल तर मित्राने हेडचा पहिला नट सैल करण्याआधीच आटे दुरुस्तीचे इन्सर्ट मागवून ठेवावे लागतील.